लाट, ओहोटी आणि खारीचा बांध

मनोर, मासवण, सफाळे या बाजूच्या आमच्या कित्येक वाचकांस असें वाटण्याचा संभव आहे कीं, समुद्राच्या लाटा व प्रवाह हा विषय तांडेलांचा आणि खलाशांचा. भात पिकविणाऱ्यानें त्यांत लक्ष घालण्याचें प्रयोजन काय? मनोरहून समुद्र पश्चिमेस चौदा-पंधरा मैल दूर आहे. परंतु त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून सुमारें ९६ मैल वाहत येणारी वैतरणा अर्नाळा व दातिवरे यांच्यामध्यें समुद्रास मिळते, आणि त्याच वाटेनें समुद्र दिवसांतून दोन वेळां आपल्या शेतांच्या दिशेनें वर चढतो. खाडीच्या दोन्ही तीरांस खारीच्या जमिनी आहेत. त्यांस बांध आहेत आणि बांधांस उघाड्या आहेत. बांधास खांड पडून एक उधाण आंत शिरलें कीं हातचें पीक तर जातेंच, पण जमिनींत मुरलेलें मीठ धुवून काढण्यांत पुढचे पावसाळेही खर्ची पडतात. तेव्हां पाणी कोणत्या घटकेस खवळतें व कां खवळतें, हें जाणणें खारीच्या शेतकऱ्यास नांगराच्या फाळाइतकेंच उपयोगाचें आहे. आमच्या सांगण्याचें सार थोडक्यांत असें: नावेचा वैरी ओहोटी, बांधाचा वैरी भरती. या म्हणण्यास आधार काय, तो पुढें पाहूं.

लाट निराळी, प्रवाह निराळा

भाताच्या उभ्या पिकावरून वारा गेला म्हणजे लाट शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत धांवते. परंतु एकही रोप आपली जागा सोडीत नाहीं. समुद्राच्या लाटेचेंही बहुतांशीं असेंच आहे. पुढें जातो तो पाण्याचा हेलकावा व त्यांतील जोर. पाणी जागच्या जागीं वर-खालीं, मागें-पुढें फिरतें. प्रवाह म्हणजे मात्र पाटाचें पाणी. तेथें पाणीच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातें.

लाटांतही लहान-थोर असतात. गांवच्या वाऱ्यानें उठणारी आंखूड लाट दर तीन-चार सेकंदांनीं येते. दूरच्या वादळानें उठलेली लांब लाट दहा सेकंदांनीं किंवा त्याहून अधिक अंतरानें येते. जी लाट लांब ती वेगानें धांवते, आणि दूरवर जाऊनही तिचा जोर फारसा ओसरत नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर मुंक व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ सालीं दक्षिणेकडील वादळांच्या लाटांचा माग पॅसिफिक महासागर ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला. आपल्या हिंदी महासागरांतही दक्षिणेकडील वादळांच्या लाटा हजारों मैल चालून केरळच्या किनाऱ्यास वारा पडलेला असतांना अकस्मात् येऊन आदळतात. तेथील कोळी लोक त्यास ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोरटा समुद्र, म्हणतात. हिवाळ्यांत इराणच्या आखाताकडील ‘शमाल’ नांवाच्या वाऱ्यानें उठलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात, हें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं मोजून दाखविलें आहे. तात्पर्य, घरच्या अंगणांत वारा नाहीं म्हणून खाडीच्या तोंडाशीं लाट नसेल, असें गृहीत धरणें सुरक्षित नाहीं.

समोरासमोर गांठ पडली म्हणजे

आतां लाट व प्रवाह यांची गांठ पडली असतां काय होतें, हें एका घरगुती दृष्टांतानें समजून घेऊं. बाजाराच्या दिवशीं बैलगाड्यांची रांग एकसारख्या अंतरानें चालली आहे, अशी कल्पना करा. पुढें चढण लागली कीं पहिली गाडी मंदावते. मागच्या गाड्या पूर्वीच्याच चालीनें येत असतात. त्यामुळें चढणीवर दोन गाड्यांतील अंतर कमी होऊन त्या एकमेकींस खेटतात. तासाला किती गाड्या जातात हा आंकडा बदलत नाहीं. बदलतें तें अंतर. उतारावर याच्या उलट, गाड्या फांकतात.

समोरून येणारा प्रवाह ही लाटेची चढण होय. लाटांचे माथे जवळ-जवळ येतात व लाट आंखूड होते. लांबींत जो जोर पसरलेला होता तो थोडक्या जागेंत कोंडला जातो. शिवाय विरुद्ध प्रवाह आपल्या शक्तींतील कांहीं भाग लाटेस देतो. म्हणून लाट नुसती आंखूड होत नाहीं, तर उंचही होते. प्रवाह लाटेच्या दिशेनेंच जात असेल तर लाट लांब व सखल होते. प्रवाह लाटेस शक्ति देतो हा मुद्दा पूर्वीं हिशेबांत धरला जात नसे. १९६० च्या सुमारास लाँगेट-हिगिन्स व स्टुअर्ट या शास्त्रज्ञांनीं तो सिद्ध करून दाखविला.

त्यांच्या रीतीनें खोल पाण्यांतील एक उदाहरण आम्हीं मांडून पाहिलें आहे. दर सहा सेकंदांनीं येणारी, ६ फूट उंचीची लाट घ्या. तिची लांबी सुमारें १८४ फूट असते. तिला सेकंदास ५ फूट, म्हणजे ताशी सुमारें साडेतीन मैल वेगाची ओहोटी समोरून भेटली, तर लांबी ११७ फुटांवर येते व उंची जवळजवळ १० फूट होते. तितक्याच वेगाची भरती पाठीमागून असेल, तर लांबी २४० फूट व उंची साडेचार फुटांहून किंचित् अधिक. वारा तोच, लाट तीच. परंतु ओहोटींत ती भरतीच्या दुपटीहून उंच. आणि नावेस भय असतें तें केवळ उंचीचें नव्हे, तर लाटेच्या उभट अंगाचें. पहिल्या प्रकारांत लांबीच्या बाराव्या हिश्शाइतकी उंची होते, दुसऱ्यांत पन्नासाव्या हिश्शाइतकी. उंची लांबीच्या सातव्या हिश्शापर्यंत गेली कीं लाटेचा माथा ढासळतो व ती फुटते.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, विरुद्ध प्रवाहाचा वेग लाटेच्या मूळ वेगाच्या चौथाईस पोंचला म्हणजे लाट पुढें सरकूंच शकत नाहीं. चार सेकंदांची आंखूड लाट सेकंदास सुमारें २० फूट धांवते. सेकंदास ५ फुटांची ओहोटी तिला खाडीच्या दाराशींच अडवून फोडते. दहा सेकंदांची लांब लाट सेकंदास ५१ फूट धांवत असल्यामुळें तीच ओहोटी तिला अडवूं शकत नाहीं, फक्त उभट करते. या तत्त्वाचा उपयोग बंदरांत करतां येईल काय, याचा विचार इंग्लंडांतील सर जी. आय. टेलर यांनीं १९५५ सालीं केला. तळाशीं नळ टाकून हवेचे बुडबुडे सोडले असतां पाण्याच्या पृष्ठभागावर जो प्रवाह उठतो, तो आंखूड लाटा थोपवितो. लांब लाटांपुढें मात्र हा उपाय लंगडा पडतो.

महासागरांत या गांठीचें उग्र रूप आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर दिसतें. तेथें अगुल्हास नांवाचा जोरदार प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो आणि दक्षिण महासागरांतील लांब लाटा नैर्ऋत्येकडूनच त्याच्या तोंडावर येतात. मोठीं जहाजें मोडणाऱ्या राक्षसी लाटांसाठीं तो भाग कुप्रसिद्ध आहे. ‘वाराटा’ नांवाची आगबोट १९०९ सालीं २११ माणसांसह त्याच समुद्रांत नाहींशी झाली. तिचा पत्ता आजतागायत लागलेला नाहीं.

वैतरणेच्या तोंडाशीं

आपल्या किनाऱ्यावर एवढा मोठा सागरी प्रवाह नाहीं. येथें राज्य आहे तें भरती-ओहोटीचें. खंबायतच्या आखाताकडे जावें तसतशी भरतीची चढउतार वाढत जाते. मुंबईस उधाणाच्या दिवशीं ती पंधरा फुटांच्या आसपास असते, तर भावनगरकडे तीस फुटांच्याही वर जाते. वैतरणेसारख्या रुंद खाडींत हें सर्व पाणी सहा तासांत भरावयाचें व सहा तासांत रितें व्हावयाचें, म्हणून अरुंद जागीं प्रवाह फार जोराचा होतो. पूर्ण भरतीस व पूर्ण ओहोटीस पाणी थोडा वेळ थबकतें. दोहोंच्या मध्यावर त्याचा वेग सर्वांत अधिक असतो.

आतां ओहोटीचें पाणी पश्चिमेस बाहेर पडत आहे आणि लाट पश्चिमेकडून आंत येत आहे, हा देखावा डोळ्यांपुढें आणा. खाडीच्या तोंडाशीं वाळूचे दांडे असतात, तेथें पाणी उथळ. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारें चार-पंचमांशाइतकी झाली कीं ती फुटते. समजा, दांड्यावर ओहोटींत ३ फूट पाणी उरलें, तर अडीच फुटांहून मोठी लाट तेथेंच फुटून जाईल. हीच वेळ होडीचा घात करणारी. पण आंतील बांध मात्र त्या घटकेस सुरक्षित असतो, कारण लाटेचा जोर दाराशींच खर्च होतो. भरतींत त्याच दांड्यावर १८ फूट पाणी चढलें म्हणजे सात-आठ फुटांची लाट न फुटतां दांडा ओलांडते. भरतीचा प्रवाह पाठीशीं असल्यामुळें ती सखल व शांत दिसते, पण तिचा जोर शाबूत असतो. आणि तो जोर ती खाडीच्या आंत नेऊन बांधाच्या माथ्याजवळ, जेथें माती सर्वांत पातळ, तेथें रिकामा करते. वर आम्हीं जें सार सांगितलें त्याचा अर्थ हा.

मनोरपर्यंत येणारी मोठी लाट

वाऱ्याच्या लाटा तोंडाजवळच्या भागांतच विरून जातात. त्या मनोरकडे येत नाहींत. परंतु सर्वांत मोठी लाट येते, आणि ती म्हणजे स्वतः भरती. भरती ही चंद्र-सूर्यांच्या आकर्षणानें उठलेली, शेंकडों मैल लांबीची लाटच होय. आणि नदीच्या प्रवाहाशीं गांठ पडली असतां तिलाही वरील नियमांतून सुटका नाहीं.

अशी लाट किती वेगानें चालेल हें पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतें. सरासरी खोली १२ फूट धरली, तर तो वेग ताशी सुमारें १३ मैल येतो. तोंडापासून वळणावळणानें २५ मैल अंतर मानल्यास भरतीस वर यावयास दोन तासांच्या आंतबाहेर लागतील. तेंच आषाढांत नदीचें पाणी सेकंदास ५ फूट वेगानें समोरून येत असेल, तर भरतीची चाल ताशी १० मैलांवर येते व वेळ अडीच तासांवर जातो. हे आंकडे अदमासाचे आहेत. प्रत्येक डोहाची व वळणाची खोली निराळी. पण त्यांवरून कल कळतो: पुराचा प्रवाह भरतीस थोपवितो, आणि भरती पुरास तुंबविते. सूर्या नदीचें पाणीही मनोरच्या परिसरांतूनच पुढें वैतरणेस मिळतें. दोन्ही नद्यांना एकाच वेळीं पूर व त्याच घटकेस उधाण, असा त्रिवेणी योग आला म्हणजे पाण्यास फुगण्यावांचून गति नसते. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईवर जो प्रसंग ओढवला, त्यांत अतिवृष्टीच्या जोडीस दुपारची भरती होती, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

उन्हाळ्यांत याच्या उलट प्रकार. नदीचा प्रवाह क्षीण झाला कीं भरतीस अडविणारें कोणी उरत नाहीं, व खारें पाणी वर वर चढूं लागतें. तानसा नदीवरील तलाव १८९२ सालीं झाला. वैतरणेवर १९५७ सालीं मोडक सागर व अलीकडे २०१४ सालीं मध्य वैतरणा, हीं धरणें मुंबईस पाणी पुरवूं लागलीं. सूर्येचें पाणी धामणी येथें अडविलें आहे. महानगराची तहान भागली पाहिजे याबद्दल वाद नाहीं. परंतु चैत्र-वैशाखांत नदीपात्रांत सोडलेलें गोडें पाणी फुकट जात नसून तेंच खारास मागें रेटून धरतें, ही गोष्ट पाणीवांटपाच्या हिशेबांत मांडली गेली पाहिजे.

तिथीचा हिशेब

भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरील जुनी रीत अशी: तिथीचा आंकडा तिनानें गुणावा व चारानें भागावा, येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर सुमारें साडेबारा तासांनीं. ही रीत मुंबईजवळच्या उघड्या किनाऱ्याची असून ढोबळ आहे. खाडींत वर जावें तितका उशीर मिळवावा.

या हिशेबांतून दोन मोठ्या उपयोगाच्या गोष्टी निघतात. पहिली नावेसंबंधीं. माघ ते वैशाख या महिन्यांत दुपारनंतर समुद्रावरून जोराचा वारा सुटतो. अमावास्या-पौर्णिमेस भरती दुपारच्या सुमारास संपते व दोन ते चार या वेळांत ओहोटी ऐन जोरांत असते. म्हणजे वारा आंत, पाणी बाहेर. त्या वेळीं खाडीच्या तोंडाशीं लहान होडीनें जाऊं नये. अष्टमीस त्याच वेळीं भरती चालूं असते, वारा व पाणी एका दिशेनें जातात आणि खाडी तुलनेनें शांत असते.

दुसरी गोष्ट बांधासंबंधीं. उधाणाची पूर्ण भरती या किनाऱ्यावर सदैव माध्यान्हाच्या व मध्यरात्रीच्या आसपासच येते. सर्वांत उंच पाणी पुष्कळदां पर्वणीच्या दिवशीं न येतां प्रतिपदा-द्वितीयेस येतें. ज्येष्ठ-आषाढांत दिवसाची भरती रात्रीच्या भरतीहून बहुधा अधिक चढते, हिवाळ्यांत रात्रीची. म्हणून बांधावर राखण कोणत्या दिवशीं व कोणत्या प्रहरीं ठेवावी, याचा निर्णय पंचांग पाहून आधींच करतां येतो. मध्यरात्रीच्या भरतीस गांव झोंपेंत असतो आणि लहानशी खांड सकाळपर्यंत गाडीवाट होऊन बसते, हें विसरूं नये.

बांधाची निगा

उपाय थोडे व साधे आहेत. बांधाची उंची स्थिर पाण्याची खूण पाहून ठरवूं नये; लाट बांधावर आपल्या उंचीहूनही वर चढते, त्यासाठीं हात राखून ठेवावा. खाडीकडील अंग उभें न ठेवतां पसरट उताराचें करावें व तेथें दगडांची पिचिंग बसवावी. उभ्या अंगावर लाटेचा मार थेट बसतो, पसरट अंगावर ती धांवून थकते. बांधापुढील तिवरें तोडूं नयेत. त्यांच्या मुळ्या व फांद्या लाटेचा जोर खातात आणि गाळ धरून ठेवतात. शिवाय कायद्यानेंही त्यांच्या तोडीस मनाई आहे. खेंकड्यांचीं बिळें पावसापूर्वीं बुजवावीं, कारण मोठी खांड बहुधा लहान बिळापासूनच सुरू होते.

उघाडीकडे मृगापूर्वीं अवश्य पाहावें. तिचें दार ओहोटींत आंतील पाणी बाहेर सोडतें व भरतींत आपोआप मिटतें. नदीस पूर असला कीं ओहोटी पुरती खालीं जात नाहीं, दार थोडाच वेळ उघडें राहतें आणि भात बुडून राहतें; म्हणून दाराची रुंदी पुराच्या दिवसांचा विचार करून ठेवावी. खारें पाणी शिरलेंच, तर पावसाचें गोडें पाणी खाचरांत कोंडून ठेवून ओहोटीस सोडून देणें, व हें पुनःपुन्हां करणें, हाच मीठ काढण्याचा खात्रीचा मार्ग. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें काढलेल्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ या खार सोसणाऱ्या जातींचें बियाणें अशा खाचरांत उपयोगी पडतें.

पुढील काळाचा विचार

एवढें करूनही कांहीं गोष्टी एकट्या शेतकऱ्याच्या हातीं नाहींत. खाडींतील रेतीचा बेसुमार उपसा झाला कीं पात्र खोल होतें. खोल पाण्यांत भरती अधिक वेगानें वर येते, आणि तोंडाजवळचा दांडा कमी झाला तर लाटेस अडविणारें दारच मोडतें. जगांतील समुद्राची पातळी १९०१ पासूनच्या काळांत सरासरी आठ इंचांनीं चढली आहे व चढतच आहे. म्हणजे आजोबांनीं घातलेल्या बांधाची राखीव उंची न खचतांही कमी झाली आहे.

उत्तरेस डहाणूजवळ वाढवण येथें मोठें बंदर होऊं घातलें आहे. केंद्र सरकारनें जून २०२४ मध्यें त्यास मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. योजनेंत समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव व सुमारें १० किलोमीटर लांबीचा लाटरोधक बांध आहे. मच्छीमारांचा त्यास विरोध आहे, तो सर्वांस ठाऊक आहे. बंदराच्या बऱ्यावाईटाचा निवाडा या लेखाचा विषय नव्हे. परंतु एवढी मोठी भिंत समुद्रांत उभी राहिली म्हणजे तिच्या आडोशास लाट कमी होणार, टोंकाशीं प्रवाह वाढणार आणि वाळूची ये-जा बदलणार, हें वर सांगितलेल्या नियमांवरून उघड आहे. तो बदल आसपासच्या खाड्यांच्या तोंडांशीं व खारींच्या बांधांशीं किती जाणवेल, हा प्रश्न विचारण्याचा शेतकऱ्यांस मच्छीमारांइतकाच अधिकार आहे. पुण्याजवळ खडकवासल्यास १९१६ पासून चालत आलेलें केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र अशा प्रश्नांचा नमुने बांधून अभ्यास करतें. तेव्हां उत्तर मागणें अवास्तव नाहीं. खारजमिनींच्या रक्षणासाठीं मुंबई सरकारनें १९४८ सालीं व महाराष्ट्रानें १९७९ सालीं कायदे केले, त्या मागें जें तत्त्व आहे तेंच येथेंही लागू आहे.

मात्र प्रश्न विचारणाराच्या हातीं आंकडे असावे लागतात. म्हणून आमच्या संघाच्या खारपट्ट्यांतील सभासदांस आमची विनंती आहे कीं, प्रत्येक गांवीं उघाडीजवळ फूट-इंचांच्या खुणा केलेला एक खांब रोंवावा, आणि दर अमावास्या-पौर्णिमेस व पुढील दोन दिवस पाणी किती वाजतां व किती चढलें, वारा कोणीकडचा होता, नदीस पूर होता कीं नाहीं, एवढें एका वहींत टिपून ठेवावें. हें काम शाळेंत जाणारा मुलगा वा मुलगी सहज करील. पांच वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, तर बांध किती चढवावा हें अदमासानें ठरवावें लागणार नाहीं. आणि उद्यां समुद्रांत कोणी कांहीं बांधलें किंवा नदींत कोणी कांहीं अडविलें, तर पाणी पूर्वीं कसें होतें याचा पुरावा गांवच्या वहींत सांपडेल. येत्या मृगापूर्वीं खांब उभे राहावे, एवढीच आमची इच्छा आहे.